मान सरळ कर

तिसरीच्या वर्गात मी मागच्या भिंतीला टेकून बसले होते. गुरुजी फळ्यावर हातच्याची वजाबाकी लिहीत होते आणि मधूनच, मागं न बघता, म्हणत होते, "मान सरळ कर गं." कुणाला म्हणतायत ते अख्ख्या वर्गाला माहीत होतं. दुसऱ्या रांगेत खिडकीलगत बसलेली मुलगी क्षणभर मान सरळ करायची. पुन्हा तिची हनुवटी डाव्या खांद्याकडे वळायची, डोळे बारीक व्हायचे आणि एक हात कपाळावर जायचा. उन्हातून येणाऱ्या पाहुण्याला ओळखायला आपण धरतो तसा.

खिडकीलगत तिला मीच बसवलं होतं. जूनमध्ये भरलेल्या तिच्या वैयक्तिक आराखड्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे : 'अल्पदृष्टी. उजेडाच्या बाजूला, पुढच्या रांगेत बसवणे. मोठ्या अक्षरांचं पुस्तक देणे.' हेच वाक्य मी त्या वर्षी आणखी तीन मुलांच्या आराखड्यात लिहिलं होतं. शब्द तेच, फक्त नाव वेगळं. वैयक्तिक!

मुलीचे केस तागाच्या रंगाचे, पापण्या पांढऱ्या, कातडी उन्हात लाल होणारी. गावात तिला भुरी म्हणत. अंगात रंगद्रव्य नसलं की डोळ्यातही नसतं, बुबुळ उजेड नीट अडवू शकत नाही आणि आपल्याला सुखाचा वाटणारा प्रकाश अशा मुलांना टोचतो, हे मी प्रशिक्षणात शिकले होते. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. तरी आराखडा भरताना मी 'अल्पदृष्टी' हा शब्द बघितला, मुलगी बघितली नाही. अकरा वाजता त्या खिडकीतून थेट ऊन यायचं. तिच्या निरीक्षणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'लक्ष केंद्रित करत नाही.'

मानेचं कोडं मात्र मला खरंच सुटलेलं नव्हतं. दिवाळीनंतर तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन मी नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तिला एका जागी बघायला सांगून मला तिचे डोळे दाखवले. ते सतत बारीक हलत होते, झोका थांबत आला की हलतो तसे. मग ते म्हणाले, "आता तिला हवी तशी मान करू द्या." हनुवटी डावीकडे गेली आणि डोळ्यांची हालचाल जवळजवळ निवली. "ती मान वाकडी करत नाहीये, मॅडम. ती डोळे थांबवतेय. हा कोन तिचा तिने शोधलाय."

सहा महिने आम्ही, म्हणजे गुरुजी तोंडाने आणि मी कागदावर, एका आठ वर्षांच्या मुलीचा तिने स्वतः काढलेला उपाय मोडून काढत होतो.

उपाय पुढे इतका साधा निघाला की सांगायला संकोच वाटतो. मान डावीकडे म्हणजे तिची नजर उजवीकडे जाताना डोळे शांत असतात. म्हणून फळा तिच्या उजव्या हाताला यायला हवा. तिला खिडकीपासून उठवून वर्गाच्या डाव्या टोकाला, भिंतीलगत बसवलं. मान पुष्कळशी आपोआप सरळ झाली. वर्गातही टोपी घालायची परवानगी मुख्याध्यापकांनी आढेवेढे घेऊन दिली. फळा घासून घासून राखाडी झाला होता, तो काळा केला. आणि गुरुजींनी फळ्यावर लिहिताना ते मोठ्यांदा म्हणायचं ठरलं. या शेवटच्या कलमाचा फायदा तिच्याइतकाच मागच्या बाकांवरच्या चार-पाच जणांना झाला. त्यांच्या नावाचा कुठलाही आराखडा नव्हता.

मोठ्या अक्षरांचं पुस्तक तिने एकदाही वर्गात उघडलं नाही. दप्तरात मावत नाही म्हणाली. खरं कारण तिच्या मैत्रिणीने सांगितलं : "ते आणलं की सगळे म्हणतात, ताईचं पुस्तक बाळाच्या पुस्तकासारखं आहे." मग तिला सगळ्यांसारखंच पुस्तक, एक भिंग आणि पुस्तक तिरकं ठेवायला उतरती फळी एवढंच दिलं. फळी गावच्या सुताराने दाराच्या उरलेल्या लाकडातून करून दिली.

---

मी बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटाच्या कुशीतल्या एका तालुक्यात विशेष शिक्षिका आहे. करारावर. पगार सर्व शिक्षा अभियानातून यायचा, २०१८ पासून समग्र शिक्षेतून येतो. ऑफिस गटसाधन केंद्रात, पण खरं ऑफिस स्कूटीच्या डिकीत : तपासणी तक्ते, ब्रेल पाटी, मण्यांच्या माळा, रेनकोट. गावात मला 'अपंगाच्या मॅडम' म्हणतात. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१ केले, सरकारी कागदावर 'दिव्यांग' हा शब्द आला, पण गावात मी अजून अपंगांचीच मॅडम आहे. मला त्याचा राग येत नाही. नुसत्या 'मॅडम' तालुक्यात पुष्कळ आहेत. हाक मारली की कुणी आलंय हे तरी पोरांना कळतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं. बातमी वाचली तेव्हा माझ्या वहीत ९६ नावं होती, ४१ शाळांतली. हिशेब केला तर एका मुलाच्या वाट्याला मी तीन-साडेतीन आठवड्यांतून एकदा येते. तेही पाऊस नसेल, बैठक नसेल आणि निवडणुकीचं काम लागलेलं नसेल तर. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. या आकड्यातून मला एक गोष्ट कळायला फार उशीर लागला : मी लिहिलेला आराखडा मी राबवतच नाही. तो राबवतात गुरुजी, आई, आजी, शेजारच्या बाकावरचा पोरगा आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी. त्यांना विचारल्याशिवाय लिहिलेलं काहीही म्हणजे माझी सुवाच्य अक्षरातली वही.

शिकले तेव्हा आराखडा म्हणजे तक्ता होता. मद्रासला तयार झालेली एमडीपीएस ही मूल्यमापन पद्धत आम्हाला पाठ असायची. १८ क्षेत्रं, प्रत्येकात २० बाबी, एकूण ३६० खुणा. येतं, येत नाही. त्यातून वार्षिक उद्दिष्ट, मग तिमाही, मग आठवड्याचं. पद्धत वाईट नाही, उलट नवख्या माणसाला ती बघायला शिकवते. पण ३६० चौकोन समोर असले की हात आपोआप 'येत नाही'वर जास्त फिरतो. आणि वरून विचारणा होते ती एवढीच : "किती आराखडे पूर्ण?" मी दरवर्षी उत्तर देते, ९६ पैकी ९६.

---

दुसरीतला एक मुलगा होता. त्याला मी मनात शेळीवाला म्हणते. बौद्धिक अक्षमता, दाखल्यावर ७५ टक्के. बोलणं तुटक, पण चेहरा असा की बघितलं की आपल्याला हसू यावं. घरी सतरा शेळ्या. मला वाटलं, झालं काम. शाळेत मणी मोजत नाही, पण शेळ्या तर मोजत असणारच. मोठ्या उत्साहाने मी त्याच्या आराखड्यात लिहिलं, 'परिसरातील अनुभवाशी जोडून १ ते १० संख्याज्ञान.' असल्या वाक्यावर साहेबांची सही लगेच होते.

संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन बसले. शेळ्या आल्या. "किती?" विचारलं. तो माझ्याकडे बघून हसला. मी बोट धरून मोजायला लावलं. तो तीन म्हणाला, मग पाच म्हणाला, मग कंटाळून निघून गेला. त्याच्या आईने एक करडू गोठ्यामागं बांधलं आणि त्याला हाक मारली. त्याने कळपावर एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, "कानतुटी न्हाई." त्याने मोजलं नव्हतंच. सतरा त्याच्यासाठी आकडाच नव्हता. सतरा ओळखीचे चेहरे होते. त्यातला एक नव्हता, बस्स. आपणही घरातली माणसं मोजून जेवायला बसवत नाही.

माझी हुशारी तिथे संपली. मधले दोन महिने मी त्याला काहीच शिकवू शकले नाही, आणि वहीत मात्र 'प्रगती समाधानकारक' लिहिलं. हे लिहिताना आजही पेन अडखळतं.

वाट दाखवली पोषण आहाराच्या मावशीने. त्या म्हणाल्या, "मॅडम, ते लेकरू ताटं लई झ्याक मांडतंय." जाऊन बघितलं. तो एकेक ताट ठेवताना पोराचं नाव घ्यायचा. गैरहजर पोराचं नाव आलं की ताट हातात धरून थांबायचा आणि मावशीला परत द्यायचा. एका माणसाला एक ताट. गणिताचा पाया इथेच असतो, त्यावरच पुढे एक-दोन-तीन चढतं. आम्ही ताटं नावानिशी मांडणं तसंच ठेवलं आणि शेवटी मावशीने त्याला विचारायचं ठरलं, "किती उरली?" उरलेली ताटं कधी एक, कधी दोन, कधी चार. तेवढा आकडा त्याच्या हातात मावत होता. डिसेंबरपर्यंत तो पाचपर्यंत बिनचूक सांगायला लागला. पुढच्या वर्षी नऊपर्यंत.

मग बदल्या झाल्या. नवीन गुरुजी आले, भले माणूस. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ताटं बंद केली. "मॅडम, दिव्यांग मुलाकडून काम करून घेता म्हणून कुणी फोटो काढला तर?" त्यांची भीती खोटी नव्हती. मी आराखडा काढून दाखवला. त्यात 'परिसरातील अनुभवाशी जोडून' एवढंच लिहिलेलं होतं. ताटांचा, मावशीचा, 'किती उरली'चा उल्लेख नाही. जे खरं काम झालं ते मी कागदावर आणलंच नव्हतं, कारण रकान्यात ते शोभलं नसतं. त्या दिवसापासून मी आराखड्यात माणसांची नावं लिहिते. कुणी, कधी, कुठे बसून, काय विचारायचं. साहेबांना ते घरगुती वाटतं. वाटू दे.

---

आकड्यांवरून आठवलं. आपल्या मराठी आकड्यांनी माझ्या किती मुलांना रडवलंय त्याची गणती नाही. चौथीतला एक चुणचुणीत मुलगा, गोष्टी सांगायला पटाईत, 'एकवीस' म्हटलं की १२ लिहायचा. बरोबरच आहे की. आपण एक आधी म्हणतो आणि वीस मागून. 'एकोणतीस' म्हटलं की तो ३९ लिहायचा. 'तीस' तर ऐकू आलं, तीन लिहिला. 'एकोण' म्हणजे नऊ हेही तो शिकलेला होता. मग चुकलं कुठे? गुरुजी म्हणत, हा बेफिकीर आहे. त्याला अध्ययन अक्षमता होती. ऐकलेला क्रम डोक्यात उलटवून कागदावर मांडायचा, ही एक जादा पायरी त्याला झेपत नव्हती. भ आणि म, घ आणि ध यांतही त्याची अशीच गल्लत व्हायची.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर गहजब झाला. मराठी बुडाली इथपर्यंत मजल गेली, विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून ही जोड दिली आहे. मला तेव्हा या वादात बोलायला कुणी विचारलं नाही, विचारणार तरी कोण! पण मी त्या मुलासाठी दोन वर्षं आधीपासून हेच करत होते. कानडी आणि तेलुगूत दशक आधी बोलतात, तिथल्या मुलाला ही अडचण येत नाही. 'वीस एक' म्हणायची मुभा मिळाल्यावर त्याची वजाबाकी सुटायला लागली. 'एकवीस' तो नंतर शिकला, बाजारात, आपोआप.

उलट गोष्टही बघितलीय. संपूर्ण अंध असलेल्या एका मुलाला मी ब्रेल शिकवत होते. डोळस मुलं ऱ्हस्व वेलांटीला अडखळतात, कारण 'कि' उच्चारताना इ नंतर येते आणि लिहिताना वेलांटी आधी काढावी लागते. ब्रेलमध्ये काना-वेलांटी असली भानगडच नाही. क चे टिंब, मग इ चे टिंब, जसं बोलायचं तसं. त्याचा त्रास वेगळा होता. पाटीवर दट्ट्याने टिंबं टोचायची ती उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. ते त्याने पंधरा दिवसांत आत्मसात केलं. मला अजून चाचपडायला होतं. तो माझ्या चुका बोटांनी शोधायचा आणि मोठ्यांदा हसायचा.

---

आमच्या भागात शैक्षणिक वर्षाचे दोन तुकडे असतात. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातात ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. दिव्यांग लेकरू असेल तर दोनच वाटा : फडावर पाचटाच्या खोपीत न्यायचं, नाहीतर म्हातारीजवळ ठेवायचं. जूनमध्ये लिहिलेलं वार्षिक उद्दिष्ट नोव्हेंबरमध्ये कुणाच्या ताब्यात जाणार, हा रकाना कुठल्याच नमुन्यात मला दिसलेला नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी अशीच आजीजवळ राहायची. शाळेत नेणं अशक्य, म्हणून गृहाधारित शिक्षण. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी ती सोय झाली. शिबिरात तिला खास खुर्ची मिळाली होती. पुढच्या भेटीत बघितलं तर खुर्चीत बाजरीचं पोतं. मी चिडले. आजी शांतपणे म्हणाली, "माय, ही दारातून आत येत न्हाई आन् आतून भाईर जात न्हाई. पोरगी कुडं बसवू, छपरावर?" मग तिने मला दाखवलं. भिंतीच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंना ज्वारीची पोती, मधे गोधडी, आणि त्यात मुलगी, पाठ टेकून, दोन्ही हात मोकळे, डोकं सावरलेलं. कोपऱ्याचा आधार दिला की अशा मुलांचे खांदे पुढे येतात आणि हात वापरता येतात. फिजिओथेरपिस्टला मी फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं : 'कॉर्नर सीट. छान. कुणी केली?'

तिच्यासाठी माझं उद्दिष्ट होतं, 'पाच रंग ओळखते.' आजीला मी पहिल्यांदाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं, हिला काय यावं? आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लघवीला लागली की सांगता यावं. माझ्या मागं हिला कोण कुठं ठेवील, कसं वागवील. वल्ल्यात पडून ऱ्हायली तर कोण जवळ करील?" रंग मी खोडले. बोलता येत नव्हतं, पण उजवा हात वर-खाली होत होता. शेजारी परात ठेवली आणि मनगटात पितळेचं कडं घातलं. परात वाजली की आजीने उचलून न्यायचं. ठरलेल्या वेळी नेण्यापासून सुरुवात केली, नेण्याआधी दर वेळी आजी तिचा हात धरून परात वाजवायची. सात-आठ आठवडे काहीच झालं नाही. नवव्या आठवड्यात मी गेले तर आजी दारातच तक्रार घेऊन उभी : "मॅडम, आता दिवसभर वाजवतीय. लागली म्हणून न्हाई, मी भाईर गेले की वाजवतीय!" तिच्या आईवडिलांनी ते वाजवणं फडावरून व्हिडिओ कॉलवर ऐकलं. आई काहीच बोलली नाही, फोन मुकादमाचा होता, परत द्यायचा होता.

त्या तिमाहीच्या अहवालात मी लिहिलं, 'संप्रेषण : कंटाळा आल्यास हाक मारते.'

---

ती भुरी मुलगी यंदा दहावीला होती. आता तिला भुरी म्हणायची कुणाची हिंमत नाही. कबड्डीच्या संघाचा हिशेब ती ठेवते आणि वर्गणी वसूल करते. परीक्षेचा फॉर्म भरताना मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. दर तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळणार होता, लेखनिकही मिळणार होता. त्यांनी लेखनिकाच्या रकान्यात खूण केली. ती म्हणाली, "सर, लेखनिक नको. तो खालच्या वर्गातला लागतो. त्याला भूमिती येत नाही, आणि मला येते."

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी केंद्रावर बैठक व्यवस्था बघायला गेलो. तिच्या नंबरचा बाक पहिल्या रांगेत, आणि समोर पूर्वेच्या तीन उघड्या खिडक्या. पडदे नाहीत. सकाळी अकराचा पेपर. तिने टोपी पुढे ओढली, बाकावर बसून बघितलं, उठली, आणि म्हणाली, "हा उलटा करायला लागेल. खिडक्यांकडे पाठ."

केंद्रसंचालकांनी आधी नियम सांगितला, मग दाखला मागितला, मग खरी अडचण सांगितली. "अहो मॅडम, बाक उलटा केला तर हिचं तोंड अख्ख्या वर्गाकडे होईल. सगळ्यांचे पेपर दिसतील हिला."

मी उत्तर जुळवत होते. कलम, शासन निर्णय, काहीतरी. त्याआधी तीच बोलली. हनुवटी डाव्या खांद्याकडे वळवून, त्यांच्याकडे नीट बघत.

"सर, मला माझाच पेपर दिसायला तासाला वीस मिनिटं जादा लागतात."

ते हसले नाहीत. शिपायाला हाक मारली. बाकाचं एक टोक त्याने धरलं, दुसरं तिने.